टाचेच्या मागे दुखतंय, पळणं पूर्ण बंद करू का?

पळपुटा_नं१: हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे आणि काही आठवड्यांपासून उजव्या टाचेच्या मागे, म्हणजे हाडाच्या जरा वर ती जाड शीर लागते ना हाताला, तिथे दुखतंय. सकाळी उठलं की पहिली काही पावलं लंगडत, मग मोकळं होतं. पळायला लागलं की सुरुवातीला ठणकतं, नंतर काही झालंच नाही असं वाटतं आणि संध्याकाळी परत हजर! चिमटीत धरली तर एका जागी जाडसर लागते आणि तिथेच दुखते. अलीकडे शूज बदललेत, आधीच्यापेक्षा चपटे आहेत, आणि चढावर पळणंही वाढवलंय. एक जण म्हणतो महिनाभर आराम कर, दुसरा म्हणतो स्ट्रेचिंग कर. काय करू?

पोटरीवाला: चपटे शूज आणि चढ दोन्ही एकदम? मग अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी तीच जाड शीर, बोंबलणारच. टाच जितकी खाली, तितका पोटरी आणि टेंडनवर ताण जास्त. चढ आणि स्पीडवर्क (जोरात पळायचा सराव) आधी थांबवा, जुने शूज असतील तर ते काढा. पण नुसता आराम करू नका, आरामाने दुखणं कमी होतं पण टेंडन काही मजबूत होत नाही, परत पळायला लागलात की पहिले पाढे पंचावन्न.

सावकाश_धावा: +१. हील ड्रॉप करा. स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला प्रकार, अजून फिजिओ हेच देतात किंवा याच्यासारखंच काहीतरी. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची. वर येताना चांगल्या पायाने यायचं, हे लोक हमखास विसरतात. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, गुडघा किंचित वाकवून १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. वाकवून करायचं कारण पोटरीतला आतला सोलियस स्नायू, पळताना खरा भार तोच घेतो. सोपं जायला लागलं की पाठीवर सॅक घेऊन वजन वाढवा. कंटाळवाणं आहे, मान्य.

आणि थोडं दुखलं तर चालतं. १० पैकी ५ पर्यंत ठीक, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आखडणं वाढलेलं नको. पळण्यालाही हाच हिशोब लावा.

पळपुटा_नं१: म्हणजे पूर्ण बंद करायची गरज नाही? जीव भांड्यात पडला. आणि स्ट्रेचिंग?

टाचणी: थांबा, आधी नक्की कुठे दुखतंय ते बघा. हाडाच्या २ ते ६ सेमी वर असेल तर वरचं सगळं लागू. पण शीर जिथे हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करा, आणि जोरात स्ट्रेचिंगही नको कारण टेंडन हाडावर दाबला जातो. तिथे शूजमध्ये टाचेखाली छोटा पॅड टाकला की बरं वाटतं. तळव्याच्या बाजूने दुखत असेल तर ते प्लांटार फॅशिआचं, म्हणजे तळव्यातल्या जाड पट्ट्याचं, वेगळं प्रकरण. आणि टाचेचं हाड दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची (सततच्या ताणाने हाडाला गेलेल्या बारीक तड्याची) शंका घ्या आणि पळणं बंद ठेवून डॉक्टरकडे जा.

गोळी_नको: एक राहिलं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन असलं अँटिबायोटिक हल्ली घेतलंय का? त्याने टेंडन दुखू शकतो, तुटूही शकतो, तेव्हा डॉक्टरला सांगा. टेंडनमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं कुणी तरी दहादा विचारा. पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून फट्‌ आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर व्यायाम वगैरे विसरा, त्याच दिवशी दवाखाना.

पळपुटा_नं१: अँटिबायोटिक नाही घेतलं. मोजलं, हाडाच्या साधारण चार सेमी वर आहे. आजपासून पायरी, चढ बंद. हाफचं काय करायचं?

सावकाश_धावा: सकाळची पहिली पावलं कशी पडतात ते रोज लिहून ठेवा, त्यावरून ठरवा. रेस पुढच्या वर्षीही असते हो.