डॉजर्स ८-० 🔵 (बेसबॉल, फॅमिली ग्रुप, गुरुवार ३ एप्रिल २०२५)

ताई (अर्वाइन): ओतानीीीी!! आपले डॉजर्स ६-५ जिंकले, ब्रेव्ह्जविरुद्ध ०-५ वरून! सलग आठवा!

मामा (पुणे): इकडे सकाळचे साडेदहा, ऑफिसात फक्त स्कोअर बघतोय. नवव्या इनिंगचे बाकीचे आउट खेळवले नाहीत का?

ताई: मामा, तो वॉक-ऑफ. नवव्याच्या उत्तरार्धात यजमान संघ पुढे गेला की सामना तिथेच खलास. ब्रेव्ह्जचा पिचर इग्लेसियास, त्याचा पहिलाच चेंडू, चेंजअप. हात फास्टबॉलसारखाच फिरतो, पण चेंडू ताशी ८-१० मैलांनी हळू येतो. बॅटर फसतो तो त्या फरकाला. ओतानी थांबला आणि चेंडू थेट भिंतीपार, होमरन.

दादा (न्यू जर्सी): ओतानीचं कौतुक ठीक, पण ०-५ झालंच कसं ते बोला. थर्ड बेसवरच्या आपल्या मन्सीच्या दोन चुकीच्या फेकी! थर्ड बेसवरून फर्स्ट बेस सुमारे १२७ फूट. पाय नीट न रोवता फेकलं की चेंडू भरकटणारच.

छोटू: मग ते रन आपला पिचर स्नेलच्या नावावर कसे काय?

दादा: रन त्याच्या खात्यात लिहितात, ईआरएमध्ये (पिचरची सरासरी) मात्र सगळे धरत नाहीत. स्कोअरर ती चूक झालीच नाही असं समजून इनिंग पुन्हा मांडतो. तेव्हा जे रन आले नसते, ते अनअर्न्ड. ईआरए म्हणजे अर्न्ड रन गुणिले ९, भागिले टाकलेल्या इनिंग.

ताई: आणि आठव्यात ५-५ करणारा दोन रनांचा डबल (दोन बेस मिळवणारा फटका) कोणाचा? मन्सीचाच 😄 तोवर टॉर्पेडो बॅटने काही जमत नव्हतं, शेवटी जुनी बॅट घेतली.

मामा: ही टॉर्पेडो नियमात बसते?

दादा: बसते. एकाच लाकडाची, जास्तीत जास्त जाडी २.६१ इंच, लांबी ४२ इंच, ही मुख्य बंधनं. टोकाचं लाकूड कमी करून पोट मुठीच्या बाजूला सरकवतात, कारण बऱ्याच जणांचा चेंडू तिथेच लागतो. वजन हाताजवळ आल्यामुळे बॅट लवकर फिरते. तोटा हा की बाहेरचा चेंडू बारीक टोकाला लागला तर नुसता टप्पा पडतो. शनिवारी यांकीजनी ब्रूअर्सविरुद्ध ९ होमरन मारल्यापासून सगळ्यांना तीच हवीय. त्यातले तीन ॲरन जजचे, आणि तो साध्या बॅटने खेळतो!

छोटू: म्हणजे यंदाही वर्ल्ड सिरीज (अंतिम मालिका) आपलीच 🏆

दादा: थांब रे. मोसमाच्या १६२ सामन्यांपैकी ८ झालेत. २०२३ मध्ये टॅम्पा बे रेज १३-० होते, प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत दोन सामन्यांत घरी. १९८७ चे ब्रूअर्सही १३-०, त्यांना तर प्लेऑफही नाही. उलट २०१९ चे नॅशनल्स १९-३१ वरून विजेते.

ताई: हो रे दादा, पण गतविजेत्यांची अशी सुरुवात आजवर झाली नव्हती, १९३३ च्या यांकीजचे ७-० होते. एक दिवस तरी नाचू दे!

मामा: ब्रेव्ह्ज ०-७ आहेत ना?

दादा: हो. सॅन डिएगोत चार, लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सकडे तीन, सगळे बाहेरच्या मैदानावर. घरी परतले की सुधारतील, बॅटिंग चांगली आहे. मला डॉजर्सच्या थर्ड बेसची काळजी जास्त.

छोटू: पुढची मॅच?

ताई: फिलाडेल्फियात शुक्रवारी, आपला पिचर यामामोतो टाकणार. मामा, तुमच्याकडे शनिवारी पहाटे.

मामा: गजर लावतो. मामीला कुणी सांगू नका.