मदत हवी आहे : इपॉक्सी लेप दिलेल्या सळया आणि उष्णता

एका भट्टीजवळच्या काँक्रीटच्या पायाचं डिझाइन माझ्याकडे आहे. गंज टाळायला इपॉक्सी लेपाच्या सळया सुचवल्यात, पण मला पकडीची धास्ती वाटते.

साध्या तापमानातच हा लेप गुळगुळीत असल्यामुळे सळईची काँक्रीटवरची पकड कमी होते. म्हणून एसीआय ३१८ (काँक्रीट डिझाइनची अमेरिकी संहिता) मध्ये कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) किंवा सळयांमधलं अंतर कमी असेल तर डेव्हलपमेंट लेंग्थ (पूर्ण ताण पेलायला सळई काँक्रीटमध्ये जितकी रुतलेली लागते ती लांबी) दीडपट धरतात, एरवी १.२ पट. हे सगळं थंड काँक्रीटसाठी झालं. इपॉक्सी मात्र साधारण १०० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. त्या तापमानाला सळईचं पोलाद अजून ठणठणीत असतं, म्हणजे आधी सुटणार ती पकड! सळईच्या फासळ्या (पृष्ठभागावरचे उंचवटे) काँक्रीटमध्ये अडकलेल्या असतात हे खरं, पण मधला थरच मऊ झाला तर त्या कितपत भार घेतील?

जस्ताचा मुलामा मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण जस्त ४१९ अंशांना वितळतं.

कुणी लेपाच्या सळयांची गरम अवस्थेत पुल-आउट चाचणी (काँक्रीटमधून सळई ओढून पकड मोजणं) केली आहे का? थंड झाल्यावर पकड परत येते का? आणि लॅप (दोन सळया जोडताना एकमेकींलगत ठेवायची लांबी) नेमका किती वाढवलात? कृपया अनुभव सांगा.