मदत हवी आहे: मोनालिसाच का? जिनेव्रा का नाही?

कुंचला
कला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षासाठी पाऊण तासाचं व्याख्यान तयार करायचं आहे. लिओनार्दो दा विंचीच्या व्यक्तिचित्रांपैकी मोनालिसाच जगभर का पोचली? जिनेव्रा दे बेंची, किंवा मुंगसासारखं पांढरं अर्मिन हातात धरलेली चेचिलिया गालेरानी, ही चित्रंही त्याचीच आणि तोडीस तोड. 'गूढ हास्य' म्हणून भागत नाही आणि 'चोरी झाली म्हणून' हे एका वाक्यात संपतं. मांडणी कशी करू? वर्गात करून दाखवण्यासारखं काय आहे?

गेरू
सुरुवात चित्रापासून नको, चित्र कुठे टांगलं होतं तिथून करा. मोनालिसा फ्रान्सच्या राजांकडे होती आणि फ्रेंच क्रांतीनंतर लूव्र संग्रहालयात आली, म्हणजे सार्वजनिक भिंतीवर, पॅरिससारख्या शहरात. जिनेव्रा १९६७ पर्यंत लिख्टेनस्टाइनच्या राजघराण्याकडे होती, मग वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने ती घेतली. चेचिलिया पोलंडच्या चार्तोरिस्की घराण्याकडे होती. जे चित्र फार थोड्यांनाच बघायला मिळतं, त्यावर कोण लिहिणार? मोनालिसावर फ्रेंच लेखक गोतिए आणि इंग्रज समीक्षक पेटर यांनी १९व्या शतकात लिहिलं आणि 'गूढ स्त्री' ही प्रतिमा तिथेच घडली. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वाझारीने १५५० मध्ये केलेल्या वर्णनात गूढ काहीच नाही. तो भुवयांचे केस कसे हुबेहूब रंगवलेत याचं कौतुक करतो. चित्र तेव्हा फ्रान्समध्ये होतं, त्यामुळे त्याने ते पाहिलेलं नसणार. आज भुवया दिसतही नाहीत. हा परिच्छेद वर्गात वाचून दाखवाच.

खडू_आणि_कोळसा
गेरू यांच्याशी सहमत, पण चोरीला कमी लेखू नका. फक्त ती नीट सांगा. २१ ऑगस्ट १९११, सोमवार, संग्रहालय बंद. लूव्रमध्ये काचेच्या चौकटींचं काम केलेल्या विन्चेंझो पेरूजाने चित्र उतरवलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. कवी आपोलिनेरला अटक झाली, चित्रकार पिकासोची चौकशी झाली, आणि रिकामी भिंत बघायला लोकांनी रांगा लावल्या. डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्सला विकायच्या प्रयत्नात पेरूजा सापडला. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ वर्तमानपत्रांत तोच एक चेहरा, छायाचित्रासकट.

इथे मुलं हमखास विचारतील, की चेचिलियाही नाझींनी लुटली होती, मग ती का नाही एवढी प्रसिद्ध झाली? कारण तेव्हा युद्धात हजारो कलाकृती एकदम गायब झाल्या होत्या. १९११ मध्ये गायब होती ती एकटी मोनालिसाच, तीही शांततेच्या काळात. माझ्या मते सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे. आणखी एक चूक टाळा: 'चोरीआधी तिला कुणी ओळखत नव्हतं' हे खरं नाही. वाचणारा वर्ग ओळखत होता, चोरीने ती रस्त्यावरच्या माणसापर्यंत गेली. फ्रेंच कलाकार द्यूशाँने १९१९ मध्ये तिच्या पोस्टकार्डावर मिशी काढली ती त्यानंतर. चेहरा सगळ्यांना पाठ असल्याशिवाय ती थट्टा कळलीच नसती. चित्राचा १९६३ चा अमेरिका दौरा एका स्लाइडमध्ये उरका.

गेरू
प्रात्यक्षिकं तीन.

एक, आकार. प्रोजेक्टरवर सगळी चित्रं सारखीच मोठी दिसतात आणि तिथेच घोटाळा होतो. मूळ मापात छापा: मोनालिसा ७७ × ५३ सेंमी (ए१ कागदावर बसते), चेचिलिया साधारण ५४ × ३९ (ए२), जिनेव्रा ३८ × ३७. जिनेव्राचा खालचा भाग कापला गेला आहे, हात त्यातच गेले असावेत, हेही सांगा.

दोन, कोरा कागद घेऊन मोनालिसाची आधी डावी, मग उजवी बाजू झाका. मागची क्षितिजं जुळत नाहीत, डावीकडचं खाली आहे. झाकलेली बाजू बदलली की बाईची उंचीही बदलल्यासारखी वाटते.

तीन, हास्य. मुलांना आधी ओठांकडे, मग डोळ्यांकडे बघायला सांगा. डोळ्यांकडे बघताना हसू वाढतं, कारण ते ओठांच्या रेषेत नसून गालावरच्या मऊ सावलीत आहे, आणि नजरेच्या कडेला अशा ढोबळ सावल्याच जास्त जाणवतात. संगणकावर प्रतिमा धूसर करून हे पडताळता येतं. या सावल्यांचे थर अवघे एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहेत.

खडू_आणि_कोळसा
चौथं मी जोडतो: माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली मोनालिसाची प्रत. लिओनार्दोच्याच कार्यशाळेत, मूळ चित्राच्या बरोबरीने झालेली. इन्फ्रारेड तपासणीत दोन्हींत रंगाखालच्या रेखाटनातले तेच बदल दिसतात. २०१२ मध्ये मागचा काळा रंग काढल्यावर निसर्गदृश्यही तेच निघालं. तीच बाई, तीच बैठक, रंग उलट ताजे, भुवयाही आहेत. आता दोन्ही शेजारी ठेवा आणि विचारा की हिच्यात काय नाही? हिचे ओठ कडेला ठळक संपतात. आणि हिला चोरी, पेटर, पोस्टकार्ड यांतलं काही मिळालं नाही.

कुंचला
प्रादोची प्रत डोक्यातच आली नव्हती, आता व्याख्यानाची सुरुवात तिच्यापासूनच करते. छपाई कोणत्या कागदावर घेऊ?

गेरू
मॅट. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकली की गालाखालची सावली पार जाते, आणि तुम्हाला दाखवायची आहे तीच. छापखान्यात उजळपणा वाढवू देऊ नका. जुन्या वार्निशचा पिवळेपणा आहे तसा राहू द्या, नाहीतर प्रादोच्या प्रतीशी तुलनाच उरणार नाही.