एचपीएलसी (सॅम्पलमधले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) रात्री मधेच प्रेशर लिमिटवर बंद पडतंय, मदत हवी आहे

सी१८ कॉलम (घटक वेगळे करणारी भरलेली नळी), २५० बाय ४.६ मिमी, ५ मायक्रॉनचे कण, फ्लो मिनिटाला १ मिली, फॉस्फेट बफर आणि अ‍ॅसिटोनायट्राइल ६०:४०, आयसोक्रॅटिक (म्हणजे मिश्रणाचं प्रमाण शेवटपर्यंत तेच). एरवी प्रेशर १४० बार, लिमिट ३५०. वीसेक इंजेक्शन नीट होतात आणि मग प्रेशरच्या ट्रेसवर (आलेखावर) एकदम सरळ उभी रेघ, पंप बंद, सकाळी चालू केलं की परत १४०च. हळूहळू चढलं असतं तर कॉलम चोक म्हटलं असतं. गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधीचा छोटा संरक्षक कॉलम) आणि पर्ज व्हॉल्वचा फ्रिट (बारीक गाळणी) बदलला, बफर आणि सॅम्पल ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळले, कॉलमऐवजी युनियन (नुसता जोड) लावलं तरी एकदा बंद पडलंच. स्पाइक नेमका इंजेक्शन व्हॉल्व फिरतानाच येतोय. आधी रोटर सील (त्या व्हॉल्वमधली फिरणारी चकती) उघडू की नीडल सीट (इंजेक्शनची सुई जिथे बसते ती जागा), आणि प्रेशर सेन्सरच खोटं दाखवत नाहीये ना हे कसं ओळखायचं?