मदत हवी आहे: डीएसपी जोडल्यावर ट्वीटरमधून येणारा सततचा ‘सूं’ आवाज

नमस्कार. घरी बांधलेल्या टू-वे स्पीकरसाठी मी एडीएयू १७०१ चिपचे डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारे) मॉड्यूल आणि टीपीए ३११६ चिपचे दोन अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड जोडले असून, वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा स्पीकर) यांना डीएसपीमधून स्वतंत्र चॅनेल दिले आहेत. गाणे सुरू असताना आवाज अगदी मनासारखा येतो; मात्र रात्री खोली शांत झाली की ट्वीटरपासून हातभर अंतरावरही बारीक ‘सूं’ ऐकू येतो. डीएसपीतला व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तो तसाच राहतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरचे इनपुट ग्राउंडला शॉर्ट केले की जवळजवळ नाहीसा होतो. त्यावरून तो डिजिटल व्हॉल्यूमच्या पुढच्या टप्प्यात, म्हणजे डॅकमध्ये (डिजिटल सिग्नलचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणाऱ्या भागात), निर्माण होत असावा असे मला वाटते.

डीएसपी चिपचे कमाल आउटपुट सुमारे ०.९ व्होल्ट आहे आणि माझ्या अ‍ॅम्प्लिफायर बोर्डांचा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) ३२ डेसिबल. २४ व्होल्टच्या सप्लायवर एवढा गेन वापरताच येत नाही. अशा वेळी ट्वीटरच्या बोर्डावरील रेझिस्टर बदलून गेन २० डेसिबल करावा, की डीएसपी आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये दोन रेझिस्टरांचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारी जोडणी) घालावा? डीएसपीलाही त्याच सप्लायवरून स्टेप-डाउन कन्व्हर्टरमार्फत वीज दिली आहे, तेव्हा ग्राउंडची जोडणी नेमकी कुठे करावी, हेही कृपया सांगावे.