मदत हवी आहे: कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर गहू लिहिलेला नाही, म्हणजे चालेल ना?

उंबरठा: मुलीचं ग्लूटेन (गव्हातलं ते प्रथिन) बंद केलंय. घरात कॉर्नफ्लेक्सचा सीलबंद खोका आहे. 'कंटेन्स'ची, म्हणजे ॲलर्जीच्या घटकांची, ओळच नाही, गहू कुठेही नाही. मका तर चालतो. उद्या शाळेआधी द्यायचंय, पटकन सांगा. 'डॉक्टरांना विचारा' नको, तिथूनच आलोय.

भरडधान्य: घटकांची अख्खी यादी टाका. मक्यात ग्लूटेन नसतं, पण कॉर्नफ्लेक्सला ती खरपूस चव बहुतेक वेळा माल्टने, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याने आणतात, आणि तो माल्ट जवाचा असतो. बार्ली माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट सिरप, माल्ट फ्लेवर यातलं काही दिसतंय का? आणि सीलिअक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) आहे की गव्हाची ॲलर्जी? नुसती गव्हाची ॲलर्जी असेल तर जव चालूही शकतो. सीलिअकमध्ये गहू, जव, राय तिन्ही बाद.

खवय्या_नं_१: कशाला ते खोक्यातलं? कांदेपोहे करा, विषय संपला.

उंबरठा: पोहे विचारले नव्हते. सीलिअक. यादी: मिल्ड कॉर्न, शुगर, माल्ट फ्लेवर, सॉल्ट, पुढे व्हिटॅमिन्स. माल्ट फ्लेवर म्हणजे नुसता वासच ना?

गाळणी: पोह्यांनाही हिंग लागतोच. बांधानी, म्हणजे पीठ मिसळलेल्या, हिंगात मैदा असतो, निदान अनेक डब्यांत. तांदळाच्या पिठातला मिळतो, डबी उलटी करून वाचा.

कलम_पाच: थांबा, काहीतरी जुळत नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, एफएसएसएआयच्या, 2020 च्या लेबलिंग नियमांत गहू, राय, जव, ओट्स हे सगळं 'कंटेन्स'मध्ये लिहावं लागतं. माल्ट आहे आणि ओळ नाही, असं कसं? खोक्यावर 14 आकडी परवाना क्रमांक आहे का?

उंबरठा: नाही. नणंदेने न्यू जर्सीहून आणलाय. त्याने काय फरक पडतो?

भरडधान्य: अहो, तेच आधी सांगायचं! तिकडच्या 2004 च्या ॲलर्जन कायद्यात गहू आहे, जव नाही. त्यामुळे जवाचा माल्ट घातला तरी 'कंटेन्स'ची ओळ लागत नाही. तिकडच्या यादीत नुसतं 'माल्ट' असेल तर जवच समजायचा. आणि फ्लेवर म्हणजे वास नव्हे, तो अर्कच असतो. खोका मुलीला देऊ नका. उलट तिकडच्याच खोक्यावर 'ग्लूटेन फ्री' छापलेलं असेल तर 20 पीपीएमच्या आत असण्याची अट लागू होते. आपल्याकडेही मर्यादा तीच, किलोला 20 मिलिग्रॅम.

रसायनशाळा: माल्ट एवढासा असतो. तपासला तर 20 च्या आतच येईल, उगाच घाबरवू नका.

भरडधान्य: कुठल्या चाचणीत? माल्ट करताना प्रथिनाचे तुकडे पडतात. एलायझा ही प्रथिन मोजायची चाचणी. नेहमीच्या सँडविच एलायझाला प्रथिनावर दोन जागी पकड लागते, तुकड्यावर ती मिळत नाही आणि आकडा कमी येतो. माल्टसाठी काँपिटिटिव्ह एलायझा लागते. प्रयोगशाळेत नमुना देताना हे सांगितलं नाही तर पैसे वाया.

घरचा_वैद्य: आयोडीनचा थेंब टाका. निळं झालं की ग्लूटेन आहे.

रसायनशाळा: निळं होतं ते स्टार्चमुळे. भातही निळा होईल. याबाबतीत तरी माझं आणि भरडधान्य यांचं एकमत आहे.

गाळणी: नाचणीचं माल्टही बंद करायचं का मग?

भरडधान्य: नाचणीला मोड आणून केलेल्या माल्टमध्ये ग्लूटेन नसतं. पण तयार पाकिटात गव्हाचं पीठ किंवा गव्हाचंही माल्ट मिसळलेलं असू शकतं, यादी बघा. आपलं सातूचं पीठ तर गहू घालूनच करतात. आणि गिरणीत नाचणी दळून आणत असाल तर त्याआधी जात्यात गहू पडलेला असतो. घरघंटी असेल तर तीत गहू घालूच नका.

उंबरठा: ओट्स तरी?

कलम_पाच: ग्लूटेन-फ्री छापलेलेच. साधे ओट्स शेतात, गोदामात, गिरणीत गव्हा-जवासोबत फिरतात. शिवाय काही सीलिअक रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

रसायनशाळा: फार थोड्यांना.

कलम_पाच: थोड्यांनाच, पण ही त्यातली आहे का हे कोणाला ठाऊक? आजाराचं निदान नवीन आहे, तर काही महिने ओट्स नकोतच. ऑस्ट्रेलियात तर ओट्सवर 'ग्लूटेन फ्री' छापताच येत नाही.

उंबरठा: उद्याचं बोला!

गाळणी: साळीच्या किंवा ज्वारीच्या लाह्या, गरम दूध, गूळ. बंद पाकीट घ्या. वाण्याकडच्या सुट्या नकोत, एकच माप रव्यातही जातं आणि लाह्यांतही. चॉकलेट पावडर घालणार असाल तर तिचीही यादी बघा, माल्ट तिथेही असतो.

उंबरठा: लाह्या आहेत. तो खोका मोठ्याला देते, पण त्याचा चमचा-वाटी वेगळी ठेवीन.

साखरझोप: मधुमेह असलेल्यांना कुठले कॉर्नफ्लेक्स बरे?

कलम_पाच: वेगळा धागा काढा.