‘सेट’चे अर्थ पाठच करावे लागतात?

इंग्रजी ‘सेट’ (set) या शब्दाच्या अर्थांची यादी देऊन कुणीतरी म्हटलंय की त्यांना काही धरबंध नाही, सगळे पाठच करायचे. अर्धंच पटलं. ढीग मोठा आहे हे खरंच; ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती (पुढे ‘रन’ने मागे टाकलं). पण मूळ साधं आहे: ‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप, म्हणजे बसणे-बसवणे. ‘फॉल’ आणि झाड तोडून पाडणारं ‘फेल’ (fell) ही जोडीही तशीच, आपल्या पडणे-पाडणेसारखी. एकदा ‘बसवणे’ डोक्यात ठेवलं की बरेच अर्थ आपोआप उलगडतात: निखळलेलं हाड बसवतात, हिरा कोंदणात बसवतात, कविता चालीत बसवतात. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’च. गजर आणि सापळा मात्र आपण ‘लावतो’, तिथे हे सूत्र चालत नाही. (आणि ‘लावणे’चे अर्थ मोजायला बसलात तर ‘सेट’ परवडला म्हणाल!)

त्या यादीत ‘टी-सेट’ही घातलाय, तो मात्र वेगळ्या घराण्यातला. संच या अर्थाचं नाम जुन्या फ्रेंचमधून आलं, मूळ लॅटिन ‘सेक्ता’, म्हणजे ‘सेक्ट’चं (पंथ) भावंड. क्रियापदाशी त्याची सरमिसळ नंतर झाली. उलट क्रियापदाचे खरे नातेवाईक आपल्याकडेच सापडतात: संस्कृत ‘सद्’ धातू त्याच मुळाचा, म्हणून सदन, संसद, परिषद, उपनिषद ही सगळी त्याची चुलत भावंडं. ‘आसन’ मात्र त्यात धरू नका, ते ‘आस्’ धातूचं.